दगडाखालचा पैलवान

आमच्या यांना सगळं गाव 'हलूनका' म्हणतं. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण ठेवलं ते चपखल. स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला हे स्टुलावर बसवत, हनुवटीला दोन बोटं लावून मान सरळ करत, कॅमेऱ्यामागे जात आणि म्हणत, "हलू नका." ओळखपत्राचा फोटो असो, शाळाप्रवेशाचा असो की नव्या जोडप्याचा. तान्ह्या बाळालाही आदराने "हलू नका"च म्हणत, आणि बाळं ऐकायची, हे विशेष. माझ्यावर मात्र त्या मंत्राचा कधी परिणाम झाला नाही. लग्नानंतर यांनी माझा जो पहिला फोटो काढला त्यात मी साफ हललेली आहे. चेहऱ्याच्या जागी नुसती वाफ. हे अजून त्या फोटोवरून हळहळतात आणि मी अजून सांगते की नाकावर माशी बसली होती.

आमचा स्टुडिओ म्हणजे एका अरुंद गल्लीत, किल्ल्या बनवणारा आणि शिंपी यांच्या मधोमध असलेलं एक खोलीभर दुकान. पुढे बाकडं, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. दोरी अशासाठी की आधीचे सगळे कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून चालते झाले. आत पांढरा पडदा, स्टूल, दोन दिवे. त्याच्या मागे फळी घालून केलेल्या कोपऱ्यात मी. पूर्वी हातात बारीक ब्रश असायचा, आता कॉम्प्युटरचा माउस असतो, पण काम तेच: साफसफाई. मस, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, टकलावरची चकाकी, सगळं मी घालवते. नवऱ्या मुली बिनबाह्यांचा झगा घालून हात वर करून नाचतात आणि नंतर फोटो बघून रडतात. त्यांच्या काखा मी दोन मिनिटांत लख्ख करून देते. माझ्या हाताखालून गेलेला माणूस पाच वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडतो, असं मी लेकीला सांगत असते. ती म्हणते, "मग आई, तू स्वतःचा एखादा फोटो घे ना करायला." जीभ बापावर गेलेली नाही, माझ्यावरच गेली आहे.

तर या माणसाला किड्यांचं वेड लागलं ते एका लग्नातच. त्या जोडप्याला डोंगरातल्या ओढ्यात बसून फोटो हवे होते. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून बरंच चढून गेलं की तो ओढा लागतो. दगडांवरून फेसाळत उतरणारं पाणी, दोन्ही काठांना झाडं, आणि पाणी इतकं गार की पाय घातला की तोंडात शिवीच येते. नवरा-नवरी एका मोठ्या दगडावर टेकली. पुढे एक दगड मध्येच येत होता. बाजूला ठेवावा म्हणून यांनी तो उचलला आणि सहज पालथा करून पाहिला. पाहिला तो पाहिलाच. तिकडे नवरा-नवरी एकमेकांकडे बघून हसून हसून दमली, झग्याचा घेर भिजून जड झाला, नवरीचा बाप काठावरून ओरडायला लागला, आणि हा माणूस गुडघाभर पाण्यात दगड नाकाशी धरून उभा. शेवटी मीच जाऊन कोपराने ढोसलं.

घरी आल्यावर मी तडकून विचारलं, "असं काय होतं हो त्या दगडाखाली?"

"गाव होतं," हे म्हणाले. "आख्खं गाव होतं गं."

तेव्हापासून दर सुट्टीला हे पहिल्या बसने गायब. शेजारणींनी माझे कान भरायला सुरुवात केली. या वयात पुरुष दर आठवड्याला डोंगरावर जातो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, वगैरे. पाणी मुरत नव्हतं, पाणी वाहत होतं आणि हे त्यात पालथे पडलेले होते. खरं सांगते, बाई असती तर मला भांडता तरी आलं असतं. किड्याशी माणूस भांडणार कसा?

यांची काम करायची एक पद्धत होती. दगड उचलण्याआधी तो कुठल्या अंगाने कुठे टेकला आहे ते नीट बघून घ्यायचं. मग तो दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तसा उचलायचा. खालचा किडा मऊ ब्रशने अलगद काचेच्या पेटीत घ्यायचा. ही पेटी तळहाताएवढी, शोभेचे मासे विकणाऱ्याकडून मुद्दाम बनवून घेतलेली. पेटीत वाळू, खडे आणि पाणी त्याच जागचं, हातभर पलीकडचंही नाही. फोटो झाला की किडा परत त्याच दगडाला लावायचा आणि दगड जसा होता तसाच, तेच अंग खाली करून ठेवायचा. "दगड उलटा ठेवला तर वरचे खाली जातात आणि खालचे उन्हात पडतात," हे म्हणायचे. "आपण फोटो काढून घरी जातो. त्यांचं घरच उलटं झालेलं असतं."

त्या किड्यांना आपल्याकडे कुणी नावं ठेवलेली नाहीत. ठेवणार कोण, बघितलंय कुणी? म्हणून घरात आम्हीच ठेवली. एक किडा वाळूचे कण निवडून निवडून तोंडातल्या चिकट धाग्याने जोडतो, त्याची नळी करतो आणि ती अंगात घालून फिरतो. तो गवंडी. दुसरा एवढा पातळ की दगडावर काढलेलं चित्रच वाटावं. तो चपट्या. आणि बोटाच्या पेराएवढा, पिवळ्या-तपकिरी नक्षीचा, सहा दणकट पाय आणि दोन शेपट्या असलेला तो पैलवान. हे नाव यांनी ठेवलेलं, पण त्याला पैलवान का म्हणायचं ते मला आधी कळलं नव्हतं. कळलं ते माझ्या हातून एक घोटाळा झाल्यावर.

झालं असं, की यांनी पैलवानाचा एक फोटो काढला. इतका चांगला की तो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावायचं ठरलं. यांनी तो माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "धुळीचे ठिपके तेवढे काढ." मी ठिपके काढले. आता काम हातात घेतलंच आहे तर ते नीट करावं, हा माझा स्वभाव. बघते तर त्या किड्याच्या प्रत्येक पायाच्या मुळाशी, अगदी काखेत, पांढरट केसांचे झुबके. शी! एवढा देखणा गडी आणि हा अवतार. मी नवऱ्या मुलींच्या काखा करते तशा त्याच्याही सहाच्या सहा काखा स्वच्छ करून टाकल्या. सुरेख काम झालं. मीच माझ्यावर खूश.

फोटो छापून आला. हे बघत राहिले. जवळ घेतला, लांब धरला.

"याच्या काखेतलं कुठे गेलं?"

"काढलं. किती घाण दिसत होतं!"

"अगं," हे इतक्या हळू म्हणाले की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, "त्याचा श्वास आहे तो. त्यानेच तो पाण्यात श्वास घेतो. तू त्याला गुदमरवून टाकलंस."

मला आधी हसू फुटलं. लेकीला सांगितलं तेव्हा तीही पोट धरून हसली. पण हे काही हसले नाहीत, आणि यांनी फोटो गुंडाळून कपाटावर टाकून दिला. मग मलाच राहवेना. एवढं काय आहे ते बघू तरी, म्हणून पुढच्या सुट्टीला मीही बसमध्ये जाऊन बसले. डबा घेतला, शाल घेतली आणि तोंडही घेतलं, म्हणजे वाटभर कुरकुर केली.

ओढ्यावर यांनी एक दगड उचलला, पैलवान पेटीत घेतला आणि लेन्स माझ्या डोळ्याला लावायला दिली. मी बघितलं आणि गप्प झाले. मला ओळखणाऱ्यांना यातलं आश्चर्य कळेल. ते केसांचे झुबके पाण्यात फुलले होते. मी ज्याला घाण म्हणाले होते ते इतकं नाजूक होतं, की त्याच्यापुढे माझा सगळ्यात बारीक ब्रशही झाडूच म्हणायचा. एकेक तंतू सुटा, एकेक तंतू हलता. काळ्याभोर डोळ्यांनी तो कुठेतरी बघत होता. पायांना प्रत्येकी दोन-दोन नख्या, आकड्यासारख्या. पाठीवरची नक्षी अशी की कुणी बसून काढायची म्हटली तर जन्म जाईल. आणि हे सगळं कुणासाठी? दगडाखाली, अंधारात, जिथे बघायला कुणी नाही. माझं सगळं आयुष्य लोकांना दिसावं म्हणून चेहरे नीट करण्यात गेलं. न दिसणाऱ्या जागी कुणी एवढं नीट काम केलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"आता थांब," हे म्हणाले. "पेटीतलं पाणी थांबलंय. बघ तो काय करतो."

थोड्या वेळाने पैलवान चक्क जोर मारायला लागला. सहाही पाय रोवून अंग खाली, वर, खाली, वर. तालमीत मारतात तसे अगदी.

"हा काय करतोय?"

"पाणी हललं नाही की त्याला श्वास मिळत नाही. पाणी हलेना, म्हणून तोच हलतोय."

यांनी माझ्याच स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा चमचा खिशातून काढला. तो चमचा मी कित्येक दिवस शोधत होते. चमच्याच्या दांड्याने पेटीतलं पाणी हलकेच ढवळलं, तसा पैलवान शांत झाला. मी चमच्यावरून भांडायचं विसरले. म्हटलं, "आणा इकडे, मी ढवळते. तुम्ही फोटो काढा." त्या दिवसापासून ढवळणं माझ्याकडे लागलं.

यांच्याबरोबर मी जाऊ लागले तशी मला पैलवानाची सगळी जन्मकथा कळली. दोन-दोन, तीन-तीन वर्षं तो पाण्यातच असतो. दगडाखाली वाढतो, कात टाकतो, पुन्हा वाढतो. आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एका पहाटे तो पाणी सोडून दगडावर चढतो, नख्या घट्ट रोवतो, त्याची पाठ उकलते आणि आतून पंखांचा निराळाच प्राणी बाहेर येतो. मागे दगडावर नुसतं टरफल राहतं, पायांच्या नख्यांसकट. बाहेर आलेला प्राणी थोडेच दिवस जगतो आणि त्या दिवसांत धड काही खातही नाही. त्याला खायला वेळ नसतो, असं हे म्हणायचे. टरफलं यांना शेकड्यांनी सापडली होती. काही तर अजून ओली. पण पाठ उकलताना यांनी कधीच बघितलं नव्हतं. दर हंगामात यांचं म्हणजे लग्न लागून वऱ्हाड जेवायला बसल्यावर पोचल्यासारखं व्हायचं. तो एक फोटो काढायचा, स्वतःच्या हाताने काढायचा, एवढीच या माणसाची इच्छा होती. गाडी नको, घर नको. मला वाटायचं, होईल कधीतरी. घाई काय आहे?

आणि मग हात हलायला लागला.

आधी एका शाळकरी मुलीचा फोटो अस्पष्ट आला. हे म्हणाले, ती हलली. ती म्हणाली, मी नाही हलले. दुसरा काढला, तोही तसाच. मुलीची आई यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. मीही बघितलं. हात टेबलावर ठेवलेला होता आणि आपला आपण थरथरत होता, जणू तो यांचा नव्हेच. डॉक्टरांनी तपासलं, चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि सरळ सांगितलं: हा कंप जाणार नाही. औषधाने थोडा दबेल, पण वाढत जाईल. हे म्हणाले, "फोटोग्राफर आहे मी." डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

स्टुडिओ लेकीने हातात घेतला. ती "हलू नका" म्हणत नाही, "स्माइल" म्हणते. गल्लीतून हे जायला लागले की पूर्वी किल्लीवाला लांबून हाक मारायचा, "काय हलूनका!" आता तोच उठून "नमस्कार साहेब" म्हणायला लागला. लोक चांगुलपणाने करत होते हो. पण यांना आजार झोंबला नाही तेवढा तो 'साहेब' झोंबला. हात खिशात घालून चालायचे. घरात बोलणं बंद. मी एकटीच दोघांच्या वाटणीचं बोलत राहायचे.

हात महिन्या-महिन्याला जास्तच हलत होता. म्हणजे तो फोटो काढायला यांच्याकडे हा एकच हंगाम उरला होता. मला ते कळत होतं, यांना तर कळतच होतं. मी म्हटलं, "स्टँडवर लावा ना कॅमेरा." तर म्हणे, पैलवान काय सांगून चढतो का, की अमुक दगडावर येतो, तिथे स्टँड लावा? तो चढेल तिथे पोटावर सरपटत जावं लागतं. म्हटलं, "मग मी धरते कॅमेरा. तुम्ही सांगा, मी दाबते." तेव्हा हे असे भडकले की बस.

"माझे हात अजून माझेच आहेत! तू आपली साफसफाई कर."

"मग जा एकटे आणि पडा ओढ्यात!" मीही कमी नाही. आणि असं म्हणून मी दोघांचे गरम कपडे पिशवीत भरले.

शेवटच्या थांब्यावरच्या चहावाल्याने दुकानावरची खोली आम्हाला राहायला दिली. दोन खाटा, एक खिडकी, खिडकीत डोंगर. रोज झुंजुमुंजू झालं की आम्ही वर चढायचो. ओढा ओलांडायचा तिथे मी हात पुढे करायचे आणि हे न बघता काठी टेकत पलीकडे जायचे. रोज नवी टरफलं सापडायची, रोज उशीर झालेला असायचा. एके सकाळी मात्र उशीर झाला नाही. यांच्या नाकासमोरच्या दगडावर पैलवान पाण्यातून वर आला, थांबला, नख्या रोवल्या. यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. लग्नातही या माणसाने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. हे पोटावर आडवे झाले, कॅमेरा पुढे नेला. पैलवानाची पाठ उकलायला लागली. एक बारीक पिवळी फट. आणि हात इतका हलायला लागला की कॅमेरा लटपटला, लेन्सची कड त्या किड्याला लागली आणि तो तसाच, अर्धा आत अर्धा बाहेर, पाण्यात पडला. प्रवाहाने त्याला क्षणात नेलं.

अर्धा बाहेर आलेला पैलवान पाण्यात जगत नाही. यांनी सांगायची गरजच नव्हती. तीन वर्षं दगडाखाली काढून तो बाहेर येत होता आणि यांच्याच हाताने पडला. हे कितीतरी वेळ तसेच पालथे पडून राहिले. मग उठले, कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "बस झालं. उद्या घरी जाऊ." मी काठी उचलून यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी वर गेलो ते फक्त काचेची पेटी आणायला. गडबडीत ती तिथेच राहिली होती. आभाळ भरून आलं होतं, उजेड मऊ होता. पेटी सापडली. यांनी ती धुतली, मला दिली आणि पाण्याच्या कडेला दगडावर बसून राहिले. उजवा हात अर्धा पाण्यात सोडलेला, बोटं पाण्याखालच्या खडकावर टेकलेली. जणू निरोप घेत होते. मी घाई केली नाही. बस चुकली तर चुकली.

"अगं," हे अचानक म्हणाले. आवाज असा की मला वाटलं, काही दुखलं-खुपलं की काय. "अगं, ये इकडे. हळू."

पैलवान यांच्या हातावर चढत होता. गार पडलेल्या त्या बोटांना तो दगडच समजला असावा. करंगळीवरून वर आला, पाण्याबाहेर, मुठीच्या उंचवट्यावर थांबला आणि त्याने नख्या रोवल्या. आणि हात हलत होता. थडथड, थडथड हलत होता.

"हा पडेल," हे म्हणाले. "हा पण पडेल गं. हात थांबत नाही. धर. माझं मनगट धर."

त्या आजारात या माणसाने मला पहिल्यांदा काही तरी धर म्हटलं होतं. मी सरळ पाण्यात गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी मनगट धरलं. वाटलं, घट्ट धरलं की थांबेल. कुठलं थांबतंय! तो थरथराट माझ्या हातातून माझ्या खांद्यापर्यंत आला. आता आम्ही दोघंही हलत होतो. कॅमेरा माझ्या गळ्यात लोंबत होता आणि त्याला हात लावायला माझ्याकडे हातच नव्हता.

पैलवानाची पाठ उकलली. डोक्यामागून खाली, एक सरळ रेघ. त्यातून काहीतरी फिकट, जवळजवळ पारदर्शक वर फुगत आलं. आधी खांदे, मग डोकं, डोळे मिटून ठेवल्यासारखं पुढे वाकलेलं. मग पाय एकेक करून निघाले, मोज्यातून पाय निघावेत तसे. पंख म्हणजे नुसती चुरगळलेली ओली चिंधी होती, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत लांबत गेली, पसरत गेली, त्यात बारीक बारीक शिरा भरत गेल्या. असं जाळं कोण विणतं, कधी विणतं, त्या अंधाऱ्या कातडीत एवढी वर्षं घडी घालून कोण ठेवतं? मी देवाचं नाव घेतलं की नुसतंच 'अगाई' म्हटलं, मला आठवत नाही.

आणि सगळा वेळ हात हलत होता. तरी पैलवान काही पडला नाही. त्याला कशाचं काही वाटतच नव्हतं. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, "अहो, त्याचा सगळा जन्म हलत्या पाण्यात गेलाय. त्याला थांबलेलं काही माहीतच नाही. तुम्ही हात थांबवू नका. असू द्या."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग मनगटातला ताण हळूहळू सैल झाला. हात थांबवायची धडपड या माणसाने कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा सोडून दिली. हात हवा तसा हलू लागला. त्यावर तो प्राणी पंख वाळवत बसला, रंग धरत गेला. वाळला, तसा चालत चालत यांच्या बाहीवरून दंडापर्यंत गेला, तिथून वरच्या फांदीवर, आणि पानांत दिसेनासा झाला. मुठीवर टरफल तेवढं राहिलं, नख्या रोवून.

माझे गुडघे बधिर झाले होते. मी म्हटलं, "फोटो राहिला हो."

यांनी ते ऐकलंच नाही. "पडला नाही ना गं?"

"नाही."

"एवढा हलत होता हात."

"हलत होता. पण नाही पडला."

आणि मग आम्ही दोघं त्या ओढ्यात बसून रडलो. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा-म्हातारीचं काही तरी वाहून गेलं वाटतं.

खाली आलो तेव्हा बस निघून गेली होती. चहावाल्याने यांच्याकडे बघून नेहमीसारखा एकच कप माझ्यापुढे ठेवला, कारण आजार झाल्यापासून यांनी चारचौघांत कप हातात धरला नव्हता. यांनी तो कप माझ्यापुढून ओढून घेतला. उजव्या हाताने. दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती, सगळी बघायला लागली. हे म्हणाले, "पडला नाही तो. शेवटपर्यंत पडला नाही."

"कोण पडला नाही?" चहावाल्याने घाबरून विचारलं.

हे सांगायला लागले. दगडाखालच्या गावापासून, पार गवंड्यापासून. हात पुढे करकरून दाखवत होते, इथे चढला, इथे थांबला, इथे पाठ उकलली. चहा टेबलावर सांडत होता, विजारीवर सांडत होता, आणि लोक बाकडं पुढे ओढून ऐकत होते. मी चहावाल्याला खुणेनेच आणखी एक कप भरायला सांगितला.